ग्रॅहम हिलचे १९६७ चे हेल्मेट ‘असेटो कोर्सा’त उतरवताना : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

मोटार शर्यतींच्या सिम्युलेशन खेळांत जुन्या गाड्या हौसेने चालवणाऱ्यांना एक उणीव लवकरच जाणवते. गाडी हुबेहूब असते, इंजिनाचा आवाज योग्य असतो, पण आत बसलेल्या चालकाच्या डोक्यावर कोणाचेही नसलेले, साधे पांढरे किंवा लाल हेल्मेट असते. साठच्या दशकात एकाच संघाच्या दोन गाड्या दुरून वेगळ्या ओळखण्यासाठी प्रेक्षकांना गाडीवरचा क्रमांक आणि चालकाचे हेल्मेट यांखेरीज फारसा आधार नसे, त्यामुळे ही उणीव केवळ सजावटीची म्हणता येत नाही. ती भरून काढण्याची पद्धत या लेखात एकाच उदाहरणाच्या आधारे सांगितली आहे. ते उदाहरण म्हणजे ४ जून १९६७ रोजी झँडवूर्ट येथे झालेल्या डच ग्रांप्रीत ‘लोटस ४९’ चालवणाऱ्या ग्रॅहम हिलचे हेल्मेट. खेळ म्हणून कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीचा ‘असेटो कोर्सा’ गृहीत धरला आहे, कारण त्यात ही गाडी मुळातच आहे आणि त्याची टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर गुंडाळलेली चित्रे, बदलण्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही.

हे उदाहरण निवडण्यामागे कारण आहे. नवशिके बहुधा आवडत्या चालकापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. जॅकी स्ट्यूअर्टच्या पांढऱ्या हेल्मेटभोवतीचा रॉयल स्ट्यूअर्ट टार्टनचा पट्टा चित्रात सोपा वाटतो, परंतु त्या चौकड्यांची उभी-आडवी वीण गोलाकार पृष्ठभागावर न वाकवता बसवणे हे अनुभवी माणसाचे काम आहे. आयर्टन सेनाच्या पिवळ्या हेल्मेटवर आकार मोजकेच आहेत, पण छायाचित्रागणिक बदलणाऱ्या त्या पिवळ्याची नेमकी छटा कोणती, या वादातच महिना जातो. हिलच्या हेल्मेटवर मात्र दोनच रंग आहेत : गर्द निळा आणि पांढरा. लंडन रोइंग क्लबकडून १९५२ ते १९५४ या काळात हिल वल्हवत असे. त्याच क्लबचे रंग त्याने हेल्मेटवर घेतले आणि वल्ह्यांच्या आकाराची आठ पांढरी पाती त्यावर उभी काढून घेतली. रंग कमी, कडा स्पष्ट, आणि तरीही गोलाकारावर समान आकार बसवण्याचा खरा धडा देणारे, असे हे हेल्मेट आहे. त्याचा मुलगा डेमन याने फॉर्म्युला वनमध्ये हीच रचना पुढे चालवली, त्यामुळे एकदा हाताला बसलेली पाती नव्वदच्या दशकातील गाड्यांसाठीही उपयोगी पडतात.

आधी तारीख ठरवावी

‘ग्रॅहम हिलचे हेल्मेट’ अशी एकच वस्तू अस्तित्वात नाही. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७५ पर्यंतच्या कारकिर्दीत त्याने उघड्या चेहऱ्याची आणि पुढे पूर्ण चेहरा झाकणारी अशी दोन्ही प्रकारची हेल्मेटे वापरली. रचना तीच राहिली तरी कवच बदलले की पात्यांची उंची, त्यांच्यातील अंतर आणि खालच्या कडेशी असलेले त्यांचे नाते बदलते. पूर्ण चेहऱ्याचे ‘बेल स्टार’ हेल्मेट डॅन गर्नीने फॉर्म्युला वनमध्ये प्रथम वापरले ते १९६८ साली, त्यामुळे १९६७ च्या गाडीत तसे हेल्मेट घातलेला चालक बसवणे ही उघड चूक ठरते. गाडीच्या बाबतीतही तेच. १९६७ मध्ये लोटसच्या गाड्या हिरव्या होत्या आणि त्यांवर पिवळा पट्टा होता. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत लाल, पांढरा आणि सोनेरी असा सिगारेट कंपनीचा वेश त्यांनी मे १९६८ च्या स्पॅनिश ग्रांप्रीत घेतला. म्हणून एक शर्यत निवडावी, तिची तारीख कागदावर लिहावी आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या तारखेला विचारूनच घ्यावा. वेगवेगळ्या वर्षांच्या छायाचित्रांतून सोयीस्कर तपशील उचलून केलेले हेल्मेट दिसायला देखणे होते, परंतु ते कोणत्याही दिवशी कोणीही घातलेले नसते. माझ्या मते बहुतेक मॉड, म्हणजे हौशी लोकांनी खेळात केलेले असे बदल, बिघडतात ते इथेच. चित्रकलेत त्यांचे सहसा काही चुकत नाही.

झँडवूर्टची शर्यत निवडण्याचा आणखी एक लाभ आहे. त्या दिवशी ‘लोटस ४९’ आणि कॉसवर्थचे डीएफव्ही इंजिन, दोन्ही प्रथमच शर्यतीत उतरले. हिलने शर्यतीपूर्वीच्या सरावात सर्वांत जलद वेळ देऊन सुरुवातीच्या रांगेत पहिली जागा मिळवली, पण शर्यतीत इंजिनातील बिघाडामुळे त्याला लवकर थांबावे लागले आणि त्याचा संघसहकारी जिम क्लार्कने शर्यत जिंकली. अशा शर्यतीची छायाचित्रे साहजिकच भरपूर काढली गेली आणि जपलीही गेली.

छायाचित्रे गोळा करणे आणि तपासणे

नेदरलँड्समधील अनेफो या वृत्तछायाचित्र संस्थेचा संग्रह आता हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्यातील पुष्कळ छायाचित्रे मुक्त वापरासाठी खुली आहेत. झँडवूर्टच्या शर्यतींसाठी सुरुवात तिथूनच करावी. यातील बरीच छायाचित्रे कृष्णधवल आहेत, पण त्यामुळे निराश होऊ नये. आकार मोजण्यासाठी कृष्णधवल छायाचित्र रंगीत छायाचित्रापेक्षा अनेकदा अधिक विश्वासार्ह असते, कारण गर्द निळ्यावरची पांढरी कड त्यात धारदार दिसते. आकार कृष्णधवलमधून घ्यावा आणि रंग रंगीत चित्रातून, अशी कामाची विभागणी सुरुवातीलाच करून टाकावी.

किमान चार बाजू हव्यात : समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि मागून. माथ्याचे चित्र मिळाल्यास उत्तम. चालक गाडीत बसलेला असताना उभ्या छायाचित्रकाराने काढलेल्या चित्रांत माथा थोडा तरी दिसतोच. मागची बाजू सर्वांत दुर्मीळ असते. तिच्यासाठी शर्यतीपूर्वीच्या घोळक्यातील चित्रे धुंडाळावीत, जिथे हिल पाठमोरा, कोणाशी तरी बोलत उभा असतो.

प्रत्येक चित्राच्या तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली तारखेची. चित्राखालची ओळ चुकीची असू शकते, म्हणून गाडीचा क्रमांक आणि रंग पडताळावेत. झँडवूर्टला हिलच्या गाडीचा क्रमांक ६ होता आणि क्लार्कचा ५. दुसरी परीक्षा उलटेपणाची. जुन्या पारदर्शिका अनेकदा उलट्या बाजूने स्कॅन झालेल्या असतात, तेव्हा डावी बाजू उजवी समजून संपूर्ण रचना आरशातल्यासारखी उतरते. गाडीवरची अक्षरे किंवा क्रमांक दिसत असेल तर हे लगेच कळते, आणि नुसता चेहरा असेल तर अंगरख्यावरील बिल्ले पाहावेत. तिसरी परीक्षा माणसाची. क्लार्कचे हेल्मेटही गर्द निळेच होते, फक्त त्याला कपाळावर पुढे आलेली पांढरी झडप असे आणि पाती नसत. धूसर चित्रात दोघांची गल्लत सहज होते.

रंग ठरवणे

रंगीत छायाचित्रातील निळ्यावर चित्र-संपादकातील रंग उचलणारा ड्रॉपर ठेवून तोच आकडा उचलणे हा मार्ग सोपा असला तरी फसवा आहे. चकचकीत कवचावर आकाशाचे प्रतिबिंब पडते, त्यामुळे वरचा भाग खऱ्यापेक्षा फिकट दिसतो. शिवाय जुन्या फिल्मचे रंग काळानुसार ढळतात, आणि कोणता रंग किती ढळला हे फिल्मच्या जातीवर व ती कशी साठवली यावर अवलंबून असते. कोडाक्रोम अंधारात ठेवलेली असेल तर चांगली टिकते, त्या काळची एक्टाक्रोम मात्र तितकी टिकत नाही. म्हणून आधी चित्राचा पांढरा समतोल दुरुस्त करावा. सुदैवाने मोजपट्टी हेल्मेटवरच आहे : थेट उन्हातील एखादे पांढरे पाते निवडून ते तटस्थ पांढरे होईपर्यंत समतोल सरकवावा. सावलीतील पाते यासाठी निवडू नये, कारण सावलीवर आकाशाचा निळा प्रकाश पडलेला असतो.

त्यानंतर निळ्याचे नमुने घ्यावेत, तेही प्रतिबिंब नसलेल्या आणि पूर्ण काळोखातही नसलेल्या भागातून. वेगवेगळ्या चित्रांतून घेतलेल्या नमुन्यांचा मध्य धरावा. पडताळणीसाठी लंडन रोइंग क्लबचा गर्द निळा डोळ्यांसमोर ठेवता येतो, मात्र क्लबचे कापड आणि हेल्मेटवरचा रंग तंतोतंत सारखे असतील असे धरून चालू नये. सुरुवातीचा अंदाज म्हणून, ० ते २५५ च्या मापात, लाल १८, हिरवा २६, निळा ५८ या आकड्यांच्या आसपास राहावे आणि खेळातील प्रकाशात पाहून पुढे-मागे करावे. पांढरा पूर्ण २५५ ठेवू नये. २२५ ते २३५ दरम्यानचा पांढरा खेळातील उन्हात खरा पांढरा वाटतो, तर २५५ चा पांढरा दिव्यासारखा उजळतो आणि पात्यांच्या कडा त्यात विरघळतात.

खेळातील टेक्स्चर शोधणे

‘असेटो कोर्सा’मध्ये प्रत्येक गाडीच्या फोल्डरात ‘स्किन्स’ नावाचे फोल्डर असते आणि त्यात प्रत्येक रंगसंगतीचे स्वतंत्र उपफोल्डर. मूळ उपफोल्डराला हात लावू नये. त्याची प्रत करून तिला नवे नाव द्यावे आणि सारे काम त्या प्रतीत करावे. चालकाचे त्रिमितीय रूप गाडीगणिक ठरलेले असते. साठच्या दशकातील गाड्यांना उघड्या हेल्मेटचा चालक दिलेला आहे, आणि आपल्याला हवे तेच ते.

हेल्मेटच्या टेक्स्चर फाइलचे नेमके नाव अंदाजाने ठरवण्याऐवजी ‘कंटेंट मॅनेजर’ या पूरक साधनातील कस्टम शोरूममध्ये गाडी उघडावी, चालक दाखवण्याचा पर्याय सुरू करावा आणि हेल्मेटवर क्लिक करावे. त्या वस्तूला लागलेल्या टेक्स्चरांची यादी समोर येते आणि ती तिथूनच बाहेर काढून ठेवता येतात. आपण रंगवलेली फाइल त्याच नावाने, डीडीएस या खेळांच्या टेक्स्चरसाठीच्या फाइल-स्वरूपात, नव्या स्किनच्या फोल्डरात ठेवली की मूळ टेक्स्चरऐवजी खेळ तिचा वापर करतो. नवे हेल्मेट न दिसता जुनेच दिसत राहिले, तर त्या फोल्डरातील ‘स्किन’ नावाची आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. चालकाचा वेश, हातमोजे आणि हेल्मेट कुठून घ्यायचे याच्या ओळी तिच्यात असतात, आणि अडथळा बहुधा हेल्मेटच्या ओळीचाच असतो.

जाळीची चाचणी

हा टप्पा कोणी सहसा सांगत नाही, आणि तो गाळला की पुढे हकनाक दिवस वाया जातात. टेक्स्चर ही सपाट चौकोनी प्रतिमा असते. ती गोल कवचावर कशी गुंडाळली जाते हे यूव्ही नकाशा ठरवतो. चेंडूची साल सपाट पसरायची तर ती कुठेतरी ताणावी लागते आणि कुठेतरी फाडावी लागते, त्यामुळे टेक्स्चरवर सरळ आणि समान काढलेले पाते हेल्मेटवर वाकडे आणि फुगीर दिसू शकते. कुठे किती ताण आहे हे डोळ्यांनी पाहण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जाळी.

२०४८ गुणिले २०४८ पिक्सेलची प्रतिमा घ्यावी, तिचे ६४ पिक्सेलचे चौकोन पाडावेत, म्हणजे एका ओळीत ३२ चौकोन होतील. प्रत्येक चौकोनात ओळीचे अक्षर आणि स्तंभाचा आकडा लिहावा, शेजारशेजारचे चौकोन दोन वेगळ्या फिकट रंगांत ठेवावेत आणि ही प्रतिमा हेल्मेटचे टेक्स्चर म्हणून लावावी. शोरूममध्ये हेल्मेट फिरवून समोर, दोन्ही बाजू, मागे आणि माथा यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. आता कपाळाच्या वरची मध्यरेषा कोणत्या चौकोनांतून जाते, कानाजवळची कड कुठे येते, माथ्याचा बिंदू कुठे आहे आणि शिवण कुठे पडली आहे, हे सारे आकड्यांत नोंदवता येते. जे चौकोन हेल्मेटवर लांबट दिसतात तिथे नकाशा ताणलेला आहे, म्हणजे टेक्स्चरवर तेवढाच आकार आखूड काढावा लागेल.

याच चाचणीत आणखी एक गोष्ट कळते. हेल्मेटच्या काही त्रिमितीय नमुन्यांत डावी आणि उजवी बाजू टेक्स्चरचा एकच भाग वाटून घेतात. तसे असेल तर एका बाजूची अक्षरे उलटी दिसतात. अशा नमुन्यावर दोन्ही बाजूंना वेगळे काही काढता येत नाही. हिलच्या पात्यांचे त्यात विशेष बिघडत नाही, परंतु ज्यांच्या हेल्मेटवर नाव लिहिलेले आहे अशा चालकांसाठी तो नमुना निरुपयोगी ठरतो.

पाती बसवणे

आठ पाती म्हणजे ३६० भागिले ८, म्हणून दर ४५ अंशांवर एक, असा हिशोब करून मोकळे होण्याचा मोह टाळावा. हेल्मेट हाताने रंगवलेले होते, पुढच्या बाजूला गॉगल किंवा व्हायझरची बटणे येतात आणि कवच स्वतः वर्तुळाकार नसून लांबट आहे. अंतरे छायाचित्रांतूनच घ्यावीत. समोरच्या चित्रात मध्यरेषेपासून पहिल्या पात्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेचे अंतर हेल्मेटच्या दिसणाऱ्या रुंदीच्या प्रमाणात मोजावे. बाजूच्या चित्रात कानापासून तसेच करावे. दिसणाऱ्या गोलाच्या कडेला जाताना आकार आक्रसतात, म्हणून कोणत्याही पात्याचे माप ते मध्याच्या सर्वांत जवळ असलेल्या चित्रातूनच घ्यावे. एकच पाते दोन चित्रांत दोन मापांचे दिसले तर दोन्हींची सरासरी काढू नये. ज्या चित्रात ते समोरासमोर आहे, त्यालाच मानावे.

पात्याचा आकार इंकस्केपसारख्या व्हेक्टर साधनात एकदाच नीट काढावा. व्हेक्टर आकार कितीही लहान-मोठा किंवा तिरका केला तरी त्याची कड फाटत नाही, आणि पुढे एखादे अधिक चांगले छायाचित्र हाती लागले तर एकाच ठिकाणी बदल करून काम भागते. मग जाळीच्या प्रतिमेवर, नोंदवलेल्या चौकोनांच्या आधारे, प्रत्येक पात्याचे चार ते सहा आधारबिंदू ठेवावेत आणि आकार त्या बिंदूंत बसेल असा वाकवावा. चारही बाजूंचे स्क्रीनशॉट पुन्हा घेऊन छायाचित्रांशेजारी ठेवावेत. पहिल्या फेरीत पाती जवळपास नेहमीच थोडी जाड आणि माथ्याकडे अधिक झुकलेली येतात. फरक चौकोनांत मोजून बिंदू सरकवावेत.

ज्यांना ब्लेंडर हे त्रिमितीय रचनेचे साधन येते त्यांनी नमुना त्यात घेऊन छायाचित्राच्याच कोनातून पृष्ठभागावर थेट रंगवण्यास हरकत नाही. मात्र तिथे कॅमेऱ्याचे नाभीय अंतर मोठे, म्हणजे १३५ ते २०० मिलिमीटरच्या आसपास ठेवून पाहावे. शर्यतीतील पुष्कळ छायाचित्रे दुरून, लांब भिंगाने काढलेली असतात. ब्लेंडरचा कॅमेरा मुळात ५० मिलिमीटरवर असतो आणि तो जवळ नेला की हेल्मेटचा पुढचा भाग फुगतो, मग पाती छायाचित्राशी जुळूनही चुकीच्या जागी बसतात.

सावली, चकाकी आणि झीज

छायाचित्राचे तुकडे कापून टेक्स्चरवर चिकटवू नयेत. त्यांतील ऊन आणि प्रतिबिंब १९६७ च्या त्या क्षणाचे आहे, खेळातले ऊन वेगळ्या दिशेने येते, आणि दोन सूर्य असलेले हेल्मेट लगेच खोटे वाटते. रंग सपाटच भरावेत. मूळ टेक्स्चरमध्ये कडांजवळची मऊ सावली असेल, तर तेवढाच भाग वेगळ्या लेयरवर घेऊन मल्टिप्लाय, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या, पद्धतीने आपल्या रंगावर ठेवावा. चकाकीसाठी वेगळा नकाशा दिलेला असेल, तर ‘असेटो कोर्सा’च्या बहुतेक अशा नकाशांत लाल वाहिनी (चॅनेल) उजळ ठिपक्याची तीव्रता, हिरवी त्याची धार आणि निळी प्रतिबिंबाचे प्रमाण ठरवते. साठच्या दशकातील रंग चमकदार असले तरी आजच्या लॅकरसारखे आरशाप्रमाणे चमकत नव्हते, म्हणून निळी वाहिनी थोडी खाली आणावी.

ओरखडे आणि तेलाचे डाग यांबद्दल माझे मत कडक आहे. जे छायाचित्रात दिसत नाहीत ते काढू नयेत. जुनी वस्तू म्हणजे मळलेली वस्तू, ही आपली आजची समजूत आहे. शर्यतीच्या सकाळी चालकाचे हेल्मेट पुसलेले असे.

डीडीएस म्हणून जतन करणे

जतन करण्यापूर्वी यूव्ही नकाशातील प्रत्येक तुकड्याच्या बाहेर त्याच्या कडेचा रंग किमान १६ पिक्सेल पसरवावा. तसे न केल्यास दुरून पाहताना शिवणीवर फिकट रेघ उमटते, कारण दूरच्या दृश्यासाठी खेळ टेक्स्चरच्या लहान होत जाणाऱ्या प्रती, म्हणजे मिपमॅप वापरतो आणि त्यांत शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात. मिपमॅप बनवण्याचा पर्याय सुरूच ठेवावा. तो बंद असेल तर चालत्या गाडीत पात्यांच्या कडा लुकलुकतात.

फाइल दाबून लहान करण्याच्या पद्धतीची निवड गर्द निळ्यासाठी महत्त्वाची आहे. बीसी१, म्हणजेच डीएक्सटी१, ही पद्धत चार गुणिले चार पिक्सेलच्या ठोकळ्यामागे दोनच मूळ रंग साठवते आणि त्यांत लाल व निळ्याला पाच-पाच, हिरव्याला सहा बिट देते. पाच बिटांत रंगाच्या ३२ च पायऱ्या मिळतात. उजळ रंगांत ते खपून जाते, पण इतक्या गडद निळ्यात एका पायरीचा फरकही जांभळट किंवा हिरवट झाक म्हणून दिसतो, आणि सावलीच्या लेयरखाली ठोकळे उमटतात. बीसी७ मध्ये ही अडचण जवळजवळ राहत नाही. २०४८ च्या टेक्स्चरला मिपमॅपसह बीसी१ मध्ये सुमारे २.७ मेगाबाइट लागतात आणि बीसी७ मध्ये सुमारे ५.३. एका हेल्मेटसाठी ही किंमत परवडते. वीस चालकांचा पूर्ण ताफा करायचा झाल्यास ती जड होते, तेव्हा फक्त गडद रंगांच्या हेल्मेटांना बीसी७ द्यावे. पेंट डॉट नेट हे मोफत साधन दोन्ही स्वरूपांत जतन करते.

खेळात पाहणे आणि वाटणे

स्वतः चालवताना आपले हेल्मेट दिसत नाही, म्हणून पाच-सात फेऱ्या मारून रिप्ले पाहावा. सकाळचे तिरपे ऊन, भर दुपार आणि ढगाळ हवा अशा तीन प्रकाशांत तपासावे. ढगाळ हवेत निळा काळा भासत असेल तर तो थोडा उजळ करावा, कारण मंद प्रकाशातील कृष्णधवल चित्रांतही पाती आणि कवच यांच्यापलीकडे कवचाचा घाट दिसत राहतो. शेवटी टीव्ही कॅमेऱ्याच्या दृश्यात हिलच्या गाडीमागे क्लार्कची गाडी सोडावी. दोन्ही हिरव्या गाड्या वळणावर येताना कोण कोणता हे क्रमांक न वाचता कळले पाहिजे.

इतरांना देताना केवळ आपण रंगवलेल्या फाइली द्याव्यात. खेळातील मूळ नमुने किंवा दुसऱ्या मॉडकर्त्याची टेक्स्चर परवानगीशिवाय त्यात घालू नयेत. ज्या चालकांचे हेल्मेट, नाव किंवा प्रायोजक यांवर कोणाचे नोंदणीकृत हक्क आहेत, त्यांच्याबाबत तर पैसे घेऊन विक्री करण्याचा विचारही करू नये. सोबत एक छोटी मजकूर फाइल जोडावी आणि तीत शर्यतीची तारीख, आकारासाठी व रंगासाठी कोणती छायाचित्रे वापरली ते, निळ्याचे अंतिम आकडे आणि कोणता भाग अंदाजाने भरला आहे हे लिहावे. मागची दोन पाती बहुतेकांची अंदाजानेच भरलेली असतात. तसे स्पष्ट लिहिले, तर ज्याच्याकडे पाठमोऱ्या हिलचे छायाचित्र आहे तो ते पाठवतो, आणि व्हेक्टर फाइल जपून ठेवलेली असल्यास दुरुस्त आवृत्ती तयार करायला एक संध्याकाळ पुरते.